चावलेल्या कुत्र्याचे केस

नांदूरघाटात कुणाला कुत्रं चावलं, की लोक चावलेल्या माणसाकडे नंतर बघत, आधी कुत्र्याच्या मागे धावत. परगावचा पाहुणा असला तर हे बघून चक्रावून जाई. पायातून रक्त गळणारा माणूस पारावर एकटा बसलाय, आणि चार-पाच गडी हातात कात्री घेऊन शिवार पालथं घालतायत, हा काय प्रकार? प्रकार बायडाबाईच्या औषधाचा होता. ज्या कुत्र्यानं चावा घेतला, त्याच कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाचे केस आणून द्यायचे. ती ते खापरावर जाळायची, राख करडईच्या तेलात कालवून जखमेत भरायची, वरून रुईचं पान बांधायची. पाच दिवस आंबट खायचं नाही, वांगं खायचं नाही, ओढा ओलांडायचा नाही. आणि दवाखान्याची सुई तर मुळीच नाही. सुई टोचली की राखेचा गुण जातो, असं तिला सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. दुसऱ्याच कुत्र्याचे केस आले तर औषध उलटतं, म्हणून नेमकं कुत्रं शोधायला माणसं दोन-दोन दिवस रान तुडवत आणि तेवढ्यात चावलेला माणूस घरी वाट बघत बसे.

बायडाबाई वैदू नव्हती, अंगात येणारी बाई तर नव्हतीच. मेंढरं राखणाऱ्या घरातली, ठेंगणी, काटक, जिभेची तिखट बाई. दिवसभर नवऱ्याबरोबर मेंढरांमागे हिंडायची आणि घरी आली की दाराशी कुणीतरी केसांची पुरचुंडी घेऊन बसलेलं असायचं. औषधाचा पैसा ती घेत नसे, एक नारळ तेवढा घ्यायची. पण मान मिळायचा. ज्या घरांनी तिच्या सासूला ओट्याखाली उभं केलं, त्याच घरांत तिच्यासाठी सतरंजी अंथरली जायची, कपबशीतून चहा यायचा. बाजारपेठेतले अण्णाराव वाणी कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गादीवर बसलेले असत, ते सुद्धा तिला बघून "या बाई" म्हणत. तिला हे आवडायचं. का आवडू नये? 'या, बसा' हे दोन शब्द ज्यांना जन्मापासून फुकट मिळालेत, त्यांनी तिला नावं ठेवू नयेत.

आणि तिच्या औषधावर सगळ्यांत जास्त विश्वास कुणाचा असेल, तर तिच्या नवऱ्याचा. सिदू उंच, हडकुळा आणि बोलघेवडा. बाजारात, एस्टीत, कुणाच्या मयतीला गेला तरी तिथं, हा गडी बायकोचं गुणगान गायला मागेपुढे बघायचा नाही. "सुया खायाला कावून जाता बे, कशापायी? आमच्या घरात औषध हाय." बायको समोर असली की दोन शब्द जास्तच. ती लटकं रागवायची, पण मनातून खूश असायची. लग्नाला तीस वर्षं झाली तरी ज्यांचा नवरा चारचौघांत असं बोलतो, अशा बायका त्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या.

बावीस वर्षांत तिच्या हातून औषध घेतलेली तीन माणसं गेली होती. तिघंही पाण्याला भिऊन, तोंडाला फेस येऊन. तिन्ही वेळा गावानंच कारण शोधून दिलं. एकानं लग्नात वांग्याची भाजी खाल्ली होती, एक ओढा ओलांडून गेला होता, तिसरीच्या वेळेला केस दुसऱ्या कुत्र्याचे आणले असणार. बायडाबाईला काही बोलावंच लागलं नाही. पण त्या तिघांची नावं ती विसरली नव्हती.

हे असंच चाललं असतं, पण मध्येच इंग्रजी आली. त्या दिवसांत देशात नवंच वारं सुटलं होतं. बाहेरच्या कंपन्या येणार, इंग्रजी बोलणाऱ्याचंच आता चालणार, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. नांदूरघाटात एसटीडी बूथ आला, एका घरावर डिश आली आणि अण्णारावांच्या दुकानावरच्या माडीत 'फाडफाड इंग्रजी'चा क्लास सुरू झाला. क्लास काढणारा बायडाबाईचाच मुलगा रामेश्वर. बी.ए. होऊन तीन वर्षं घरी बसला होता. स्वतःचं इंग्रजी अडखळत असलं तरी शिकवायची हौस दांडगी. औरंगाबादेहून एक जाडजूड गाइड आणलं होतं आणि रोज त्यातले दहा वाक्प्रचार तो फळ्यावर उतरवायचा. एका दुपारी बायडाबाई त्याची भाकरी घेऊन माडीवर गेली, तर तो पुस्तकात बोट घालून हसत बसलेला.

"आये, हिकडं ये. तुपलं औषध ह्या पुस्तकात छापलंय."

"मपलं औषध?"

"हेअर ऑफ द डॉग. म्हंजी कुत्र्याचा केस. चावलेल्या कुत्र्याचा." रामेश्वरनं फळ्यावर लिहिलेलं दाखवलं. तिला त्यातलं काय कळणार, पण तिनं बघितलं. "इंग्रज माणूस आदल्या दिशी लई पिला अन् सकाळी त्याचं डोकं ठणकाय लागलं, की तो म्हणतो, जरा कुत्र्याचा केस घेतो. म्हंजी ज्या दारूनं डोकं धरलं, तिचाच अजून एक घोट. त्यानं बरं वाटतंय म्हणं."

"दारुड्याच्या गोष्टीत मला कावून घालायलास?"

"आगं, पुढं ऐक तर. ही बोली आली कुठून? कवाच्या काळी त्यायच्याकडं बी कुत्रं चावलं, की त्याच कुत्र्याचे केस आणायचे अन् जखमेत भरायचे. ज्यानं दुखवलं तेच बरं करतंय, आसं त्यायला वाटायचं. हुबेहूब तुझ्यावानी."

बायडाबाईची छाती फुगली. साहेबाच्या देशातही हेच औषध! सासू असायला हवी होती ऐकायला. हे सिदूला सांगितलं तर तो आठ दिवस गावात दुसरं काही बोलणार नाही, हे तिला तिथंच दिसलं.

"मग आता बी करत्यात का?"

"न्हाई गं. आता निस्ती बोलायपुरती राह्यली. ते बी दारूपुरती."

"कावून सोडलं?"

रामेश्वरचं हसू तिथंच थांबलं. त्यानं भाकरीचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. आईच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "गुण येत नसंल, आये. माणसं मरत असतील. मग सुई निघाली, तवा सोडलं."

ती जिना उतरली. दोन दिवस मेंढरांमागे हिंडताना तिच्या डोक्यात तेवढंच चाललं होतं. चावणारं प्रत्येक कुत्रं काही पिसाळलेलं नसतं. पिल्लांजवळ गेलं म्हणून चावतं, शेपटीवर पाय पडला म्हणून चावतं. असं कुत्रं चावलेला माणूस राख लावली तरी बरा होणार, माती लावली तरी बरा होणार. मग खरोखर पिसाळलेलं कुत्रं किती जणांना चावलं होतं? तिला तीनच आठवले. ते तिघं गेलेले. हिशोब इतका सोपा होता आणि बावीस वर्षांत तिनं तो केला नव्हता. ती बांधावर बसली. पण घरी येऊन ती कुणाला काही बोलली नाही. पुढच्याच बाजारी एक माणूस केस घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला राख लावून दिली. काय करणार? दारात आलेल्याला काय सांगणार होती?

दोन महिन्यांनी, तुरी निघाल्यावर, एक पिवळं कुत्रं भर दुपारी कळपात शिरलं. जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, भुंकायचं नाव नाही. त्यानं चार मेंढ्यांचे चावे घेतले आणि हाकलायला गेलेल्या सिदूच्या पोटरीचा लचका तोडला. सिदूनं त्याला काठीनं तिथंच ठार केलं. मग खाली बसून, पोटरीतून रक्त वाहत असताना, चाकूनं त्याच्या शेपटीचे केस कापले, पटक्याच्या शेवात बांधले आणि लंगडत, हसत घरी आला.

"घे. आपल्या हातानं आणलेत. कुत्रं तेच, केस तेच. चूक व्हायाची बातच न्हाई."

बायडाबाईनं कुत्रं कसं होतं ते विचारलं. लाळ गळत होती, हे ऐकल्यावर तिनं पाण्याची घागर ओढली. रामेश्वरनं साबण आणला, दोघांनी मिळून जखम घागरभर पाण्यानं धुतली. केसांची पुरचुंडी तिनं उचलली नाही.

"आवं, बीडला चला. सुया घ्या."

सिदूला वाटलं, थट्टा करतेय. "तुपलं औषध सोडून?"

"मह्या औषधात काय न्हाई. निस्ती राख हाय. मला कळून चुकलंय." हे शब्द तिच्या तोंडून कसे निघाले, तिचं तिलाच ठाऊक. "ते तिघं मह्या औषधानंच गेले. वांग्यानं कुणी मरत असतंय व्हय?"

सिदूनं तिच्याकडे बघितलं आणि तो चक्क हसला. मायेनं हसला. "मही परीक्षा बघायलीस का? समद्या मुलखाला औषध देतीस, अन् नवऱ्याच्या येळंला तुपलं काळीज लटपटलं, व्हय? राहू दे. म्या बावीस वर्सं बघतोय, मला येतंय." आणि त्यानं चुलीवर खापर ठेवलं, केस जाळले, राख तेलात कालवली, आपल्या हातानं पोटरीत भरली. उरलेली चारी मेंढ्यांच्या जखमांना लावली.

पुढचे तीन दिवस बायडाबाईनं जे भोगलं ते वैऱ्यानंही भोगू नये. रामेश्वर बापाच्या पाया पडला, रडला; सिदू म्हणाला, तुला काय कळतंय, तू कालचं पोरगं. गावातली माणसं विचारपूस करायला आली. जो तो ओट्यावर टेकायचा आणि म्हणायचा, "बायडाबाई घरात असताना सिदूला कशाचं भ्या?" सिदू मान डोलवायचा. ती चुलीपाशी बसून ऐकायची आणि तिला वाटायचं, उठावं आणि या सगळ्यांच्या तोंडावर खरं सांगावं. पण ती उठली नाही. दिवसातून दहा वेळा ती सिदूला तांब्या भरून द्यायची आणि तो पाणी पिताना त्याच्या गळ्याकडे बघत उभी राहायची. पाणी खाली उतरलं की तिचा जीव जागेवर यायचा, तो पुढच्या तांब्यापर्यंत. तिला माहीत होतं की जे व्हायचं ते इतक्या लवकर होत नाही. तरी बघायची.

चौथ्या दिवशी, सूर्य डोक्यावर आलेला असताना, सिदू विहिरीवर मेंढरांना पाणी पाजत होता. ती आली, पायातल्या चपला काढल्या आणि विहिरीच्या काठावरच्या दगडावर उभी राहिली.

"बीडला चलता का न्हाई? न्हाई म्हणा, ही घेतली उडी."

सिदू गडबडला. बायको तोंडाची तिखट होती, पण थेर करणारी नव्हती. ती दगडाच्या अगदी कडेवर होती, आणि विहीर चाळीस हात खोल होती. "येडी झालीस का गं? खाली उतर. येतो म्हणलं ना. तुपल्या मनासाठी घेतो सुया, झालं?" ती उतरली आणि मटकन खाली बसली. सिदूनं तिच्या चपला आणून तिच्यापुढे ठेवल्या. मग हळूच म्हणाला, "पर गावाला कळाया नको. बायडाबाईनं आपल्याच नवऱ्याला दवाखान्यात नेलं म्हणल्यावर तुपलं नाव राहील का? पालीला साखराबाईकडं जातो, म्हणून सांगू." तिनं मान हलवली. त्या घटकेला तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवरा सुई घ्यायला तयार झाला, यापुढे तिला काही दिसत नव्हतं.

साखराबाई तिची धाकटी बहीण. बीडजवळ पालीला, बिंदुसरेच्या धरणापासून हाकेच्या अंतरावर तिचं पत्र्याचं घर होतं. तिथं दोघं चौदा दिवस राहिली. रोज सकाळी एस्टीनं बीड, दवाखान्याची रांग, बेंबीच्या भोवती एक सुई, आणि परत. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, चार दिवस काय करत होतात? सिदू छताकडे बघत राहिला. बायडाबाई म्हणाली, "आमची चूक झाली, साहेब." डॉक्टरांना अशी माणसं रोज दिसत असावीत, त्यांनी सुई भरायला सांगितली. सुई जाड होती. सिदू पटक्याचा शेव दातांत धरायचा, बाहेर येऊन वाकून चालायचा. सहाव्या दिवसापर्यंत त्याचं पोट सुजून दगडासारखं झालं. "तुह्यापायी पोटाची चाळण झाली," तो म्हणायचा, आणि एस्टीत तिला खिडकीजवळची जागा द्यायचा.

ती मात्र अजूनही पाण्याचा तांब्या हातात घेऊन त्याच्या गळ्याकडे बघत होती. एकदा त्यानं तांब्या परत केला, तर तिनं तो पुन्हा त्याच्या तोंडाशी नेला. "आत्ता च्या पिलो की गं," तो म्हणाला. एका संध्याकाळी तो धरणाच्या भिंतीवर जाऊन उभा राहिला, तर ही धापा टाकत मागे पळत गेली. त्यानं वळून बघितलं. "पाणी बगून पळालो न्हाई बघ अजून," म्हणाला, आणि दोन्ही हातांनी चूळ भरून दाखवली. ती तिथंच चिखलात बसून रडली. त्यानं तिला रडू दिलं. तिच्या मनात आलं, याला एकदा सांगावं की तू बरा झालास तर सुईनं होशील, राखेनं नाही, हे ध्यानात ठेव. ती बोललीही तसं. तो म्हणाला, "बरं बाई, तसं तर तसं." लहान मुलाला म्हणावं तसं.

दोघं गावात परतली आणि आठवडाभरात मेंढ्या मरायला लागल्या. आधी एक भेलकांडली, लाळ गाळत खुंट्याला धडका देत राहिली आणि पडली. मग दुसरी, तिसरी. चौथी मेली त्या दिवशी रामेश्वर बापाला म्हणाला, "दादा, ह्यायला बी तुमी तीच राख लावली व्हती." सिदूनं क्षणभर विचार केला. "जनावराला पथ्य कुठं कळतंय? वांग्याच्या वावरात शिरली व्हती चारी." त्याच्या मनात तेवढंच होतं. तो खोटारडा नव्हता. बायकोचं औषध खरं आहे, यावर त्याचं सगळं आयुष्य उभं होतं, आणि ते तो मेंढ्यांसाठी पाडणार नव्हता.

चारी मेंढ्या मेल्या आणि सिदू मात्र ठणठणीत. गावाला दुसरा पुरावा कशाला हवा? ते कुत्रं पिसाळलेलंच होतं हे सिद्ध झालं, आणि बायडाबाईनं नवऱ्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं हेही. बातमी केज, गेवराईपर्यंत गेली. लोक येऊ लागले. बायडाबाई प्रत्येकाला सांगायची, "आधी दवाखान्यात जावा, सुया घ्या." लोकांना वाटायचं, बाई आपली श्रद्धा तपासतेय. "तुमच्या मालकानं घेतल्या का सुया?" असं ते विचारायचे. आणि इथं ती गप्प व्हायची. हो म्हणायला एकच शब्द पुरला असता. पण ओट्यावर सिदू बसलेला असायचा, त्याच्या डोळ्यांत तिच्या नावाची काळजी असायची, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही ती सतरंजी, ती कपबशी सोडवत नव्हती. मग तिनं दुसरी वाट काढली. तांबडं फुटायच्या आत मेंढरं घेऊन रानात जायचं आणि कुणाला भेटायचंच नाही. स्पष्ट बोलायचं तर ती पळाली. पोटरीचं दुखणं घेऊन सिदू घरी बसायचा, आणि आलेल्यांना तो काय सांगत होता, हे तिनं विचारलं नाही.

एके दिवशी सकाळी ती काठी घ्यायला घरी परतली, तर दारात जीप उभी होती. ओट्यावर तलवाड्याच्या चंद्रभागाबाई, साठीच्या, धाप लागलेल्या, आणि त्यांच्या मांडीवर आठेक वर्षांची नात. बबिता नाव तिचं. गालावर चाव्याचा व्रण, तो बरा होत आलेला. पण पोरगी अंग आखडून होती, दारातून वारा आला की दचकत होती. सिदू खांबाला धरून उभा होता.

"बाई, आल्या का?" चंद्रभागाबाई कशाबशा उठल्या. "ईस दिस झाले कुत्रं चावून. तुमच्या मालकानं औषध लावून दिलं व्हतं. समदं पथ्य पाळलं बघा. पर कालधरनं लेकरू पाणी पियाना. तहान लागली म्हणतीया, अन् तांब्या पाह्यला की वरडतीया."

बायडाबाईनं विचारलं, "सुया?"

"न्हाई घेतल्या. आमी नेणार व्हतो बीडला. तर हेच म्हणले, सुईची गरज न्हाई, म्या तरी कुठं घेतली."

तिनं सिदूकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. चंद्रभागाबाईंना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पदराची गाठ सोडली. आत पांढरे केस होते, मातीनं माखलेले. "कुत्रं मेलं व्हतं. उकरून काढलं अन् परत केस आणले म्या. तेच कुत्रं हाय, बाई, लेकराची आण. तुमच्या हातानं लावा. मालकाला बरं केलंत, हिला बी करा."

बायडाबाई पुढे झाली. पोरीच्या केसांवरून तिनं हात फिरवला. पोरीनं तिच्याकडे बघितलं, तहानेनं तिचे ओठ फुटले होते. मग बायडाबाई वळली, सिदूपाशी गेली, आणि सगळ्यांच्या देखत त्याची बंडी वर केली. बेंबीभोवती काळे डाग होते, एकाशेजारी एक.

"चौदा हाईत," ती म्हणाली. "म्या नेलं व्हतं ह्यायला. पालीला राहून रोज बीडला नेलं. मही राख खोटी हाय."

चंद्रभागाबाईंना कळायला वेळ लागला. त्या पुढे आल्या, वाकल्या, बोटानं एकेका डागाला शिवून गेल्या. सिदू तसाच उभा राहिला, डोळे मिटून.

"मग हिला बी द्या की सुया," त्या म्हणाल्या. "जीप हाय दारात. आत्ता जाऊ बीडला."

"जाऊ. आत्ता जाऊ," बायडाबाई म्हणाली. पण पाण्याला भ्यालेल्या तिघांना तिनं मरताना पाहिलं होतं, आणि आता सुईचा उपयोग नाही हे तिच्या आवाजावरून चंद्रभागाबाईंनी ओळखलं. त्या खाली बसल्या. त्यांनी पोरीला उराशी धरलं, आणि आरडाओरडा न करता, शिवी न देता, फक्त विचारलं:

"तुमाला ठावं व्हतं. मग तवा कावून न्हाई सांगितलं, बाई?"

बायडाबाईला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. मी रानात होते, म्हणता आलं असतं. यानंच खोटं सांगितलं, म्हणून सिदूकडे बोट दाखवता आलं असतं. ती पोरीसमोर जमिनीवर बसली.

"मपलं नाव जाईल म्हणून," ती म्हणाली.